हिरव्या तुकड्याची माती

गर्दी मुख्य रस्त्यापासूनच सुरू झाली होती. माणसं हातात बाटल्या, कळशा, तेलाचे रिकामे डबे घेऊन चालली होती आणि प्रत्येकाच्या भांड्यात थोडं थोडं पाणी होतं. त्या वर्षी आमच्या गावात पाण्याचे काय हाल होते हे ज्याने पाहिलं नाही, त्याला या दृश्याचा अर्थ कळायचा नाही. टँकर आला की सख्खे भाऊ एकमेकांची भांडी रांगेतून मागे ढकलत. तीच माणसं आता घरातलं पिण्याचं पाणी घेऊन, अगदी शिस्तीत, एका शेताकडे निघाली होती. मातीवर ओतायला.

मी गावची डॉक्टर. त्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात चिटपाखरू फिरकलं नव्हतं, आणि मग अचानक निरोप आला की शेतावर उन्हात एक म्हातारा चक्कर येऊन पडलाय. मी पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघाले.

शेत गावाबाहेर होतं. चहूकडे राखेच्या रंगाची रेताड जमीन, उन्हाने कोळपलेली धाटं, आणि त्याच्या मधोमध हिरवा तुकडा. कमरेएवढा मका, पानं रुंद, तजेलदार. बघणाऱ्याचे डोळे तिथे चिकटून राहावेत असंच ते होतं, माझेही राहिले. म्हाताऱ्याला सावलीत झोपवून त्याच्याच डब्यातलं पाणी मी त्याला पाजू लागले, तर तो तोंड फिरवू लागला. म्हणाला, हे मातीसाठी आणलंय.

कर्ण्यातून आवाज येत होता.

"बघा, नीट बघा. आभाळ कोरडं, विहीर कोरडी, आणि इथे ओल. का? कारण इथे माझा भाऊ आडवा झाला. त्याच्या देहातलं पाणी या जमिनीने घेतलं आणि जमीन म्हणाली, आता मी सुकणार नाही. ओता, माझ्या माणसांनो, घोटभर ओता. इथे घोटभर ओताल, घरी हंडाभर उगवेल."

बोलणारा स्पीकरवाला होता. सभा-समारंभांना कर्णे आणि खुर्च्या भाड्याने देणं हा त्याचा धंदा. दुष्काळात समारंभ बंद पडले, कर्णे धूळ खात पडले, आणि मग त्याला भाऊ आठवला. माणसाच्या देहातलं सगळं पाणी पिळून काढलं तरी दोन-तीन बादल्या भरतील, त्यावर मका एक दुपार तग धरणार नाही, हा हिशोब त्या गर्दीत कुणी मांडला नाही. मी मनात मांडला आणि गप्प बसले, कारण माझ्या मांडीवर म्हाताऱ्याचं डोकं होतं.

पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. त्या हिरव्या तुकड्याला कोपरे होते. चारही बाजू अशा सरळ, की खुंट्या ठोकून दोरी ताणल्यासारख्या. आभाळातून उतरलेली कृपा काटकोनात कशी काय थांबली?

ज्या भावाचा एवढा गजर चालला होता, तो हयात असताना गाव त्याला चिखल्या म्हणायचं. कोपरापर्यंत मातीने माखलेला, केसांत माती, बोलणं मातीचंच. कुठूनशी पोती आणायची, शेतात पसरायची, खुरप्याने ढवळायची, पुन्हा पसरायची. त्याची बायको बरोबरीने राबायची. चावडीवर बसलेले लोक त्यांना येता-जाता विचारायचे की मातीत माती कालवून काय सोनं निघणार का. तो हसून पुढे जायचा. आदल्या वर्षी याच तुकड्यात काम करता करता तो छाती धरून खाली बसला आणि उठलाच नाही. मरताना तो चिखल्या होता. आता कर्ण्यावरून तो भूमिपुरुष झाला होता.

त्याच्या बायकोला लोक आता माई म्हणत. ती तुकड्याच्या कडेला खुर्चीवर बसायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर मातीची एक पुडी ठेवायची. तोंडातून शब्द काढायची नाही. बोलायचं काम दिराने घेतलं होतं. पहाटे उपाशीपोटी चिमूटभर माती पाण्यात कालवून घ्या. गुडघे, पोट, छाती, वांझपण, काहीही असो, माती ओढून घेईल. शेतात टाकणाऱ्यांनी शेतात टाका, खाणाऱ्यांनी खा. पुडीचे पैसे नाहीत. पेटीत मात्र ज्याने त्याने मनाला येईल ते टाकावं. आणि पेटीवर स्पीकरवाल्याचा मेहुणा असा बसायचा, की कोणाच्या मनाला काय येतंय ते त्याला दिसावं.

मी दवाखान्यात येणाऱ्यांना सांगायला सुरुवात केली की माती खाऊ नका. लोक मान डोलवायचे. काहींच्या ओठांच्या कडेला तेव्हाही माती असायची.

इथवर प्रकरण नेहमीच्याच वाटेने चाललं होतं आणि असंच चालून एक दिवस विझलंही असतं. पण त्यात टँकरवाला सापडला.

टँकरवाला म्हणजे आमच्या गावाचा जीव. लांबच्या धरणावरून पाणी भरून आणायचा. तिशी ओलांडलेला, शांत माणूस. बायको आणि एक लहान मुलगी. त्याला क्षय झाला होता. वेळेत सापडला, मी औषधं सुरू केली, आणि तो सुधारत होता. खोकला कमी झाला, वजन वाढलं, स्टेअरिंगवर बसून शीळ घालायला लागला. क्षयाच्या औषधांत एक लाल कॅप्सूल असते, रिफॅम्पिसिन. ती घेतली की लघवी केशरी होते. पहिल्यांदा तो घाबरून धावत आला होता, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की हीच तर खूण आहे, औषध अंगात पोचल्याची.

मग त्याची तब्येत उलटी फिरली. ताप परत आला. गालफडं बसली. मी पुन्हा थुंकी तपासली, जंतू होतेच, उलट वाढले होते. मी त्याच्यावर चिडले. औषधं बुडवतोस का म्हणून विचारलं. तो शपथेवर नाही म्हणाला. बायको पुढे आली आणि तिने सांगितलं, "मॅडम, मी माझ्या हाताने देते. रोज. गोळी जिभेवर ठेवते आणि गिळल्याशिवाय हलत नाही."

मी त्याला लघवीचा नमुना द्यायला सांगितलं. नमुना आला, साध्या फिक्या रंगाचा. केशरी छटा नावालाही नव्हती.

आता दोघींपैकी एक खोटं बोलत होती, बायको किंवा ही नमुन्याची बाटली. मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. मग मी तिला म्हटलं की सकाळी उठल्यापासून काय काय करता ते जसंच्या तसं सांग. ती सांगू लागली. पहाटे उठते. ह्यांना उठवते. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या म्हणून आधी त्याच. आणि मातीही उपाशीपोटीच घ्यायची असते, म्हणून गोळ्या मातीच्या पाण्याबरोबरच देते.

किती माती, मी विचारलं. चिमूटभर सगळ्यांना, ती म्हणाली, पण ह्यांचा आजार मोठा, आणि हे प्रत्येक खेपेला टँकरमधलं शेवटचं पिंप शेतावर ओततात, म्हणून स्पीकरवाल्या भाऊंनी ह्यांना मूठभर घ्यायला सांगितलंय.

म्हणजे गावाच्या तोंडचं पाणी जात होतं ते इथे. आणि मका हिरवा का राहतोय याचं निम्मं उत्तरही तेच होतं. पण मला त्या वेळी मक्याचं काही नव्हतं. मी तिला घरची पुडी आणायला पिटाळलं.

पुडीतली माती पिवळट राखाडी होती, आणि बोटांनी चोळली की ओल्या साबणासारखी बुळबुळीत. शेतातल्या रेताड मातीशी तिचं काही नातं नव्हतं. मी एक लाल कॅप्सूल उघडली, भुकटी पाण्यात ढवळली आणि ते लाल पाणी दोन ग्लासांत वाटून घेतलं. एका ग्लासात दवाखान्याच्या दारातली वाळू टाकली, दुसऱ्यात पुडीतली माती. दोन्ही ढवळून बाजूला ठेवले आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

वाळू खाली बसली, वरचं पाणी लालच्या लाल राहिलं. दुसऱ्या ग्लासातला गाळ बसायला वेळ लागला, पण बसला तेव्हा वरचं पाणी जवळजवळ साध्या पाण्यासारखं दिसत होतं आणि तळाचा चिखल लाल झाला होता.

टँकरवाल्याने तो ग्लास उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "म्हणजे गोळी माझ्या पोटात जात होती, पण माझ्या कामाला येत नव्हती."

त्याला मी त्याहून चांगलं सांगू शकले नसते. चिकणमाती म्हणजे अतिशय बारीक पापुद्रे, एकाला एक खेटून बसलेले. त्या पापुद्र्यांना पाणी चिकटतं, खतं चिकटतात, काही औषधंही चिकटतात. माती औषधाला पोटात धरून ठेवायची आणि शरीराबाहेर घेऊन जायची. जे थोडंफार निसटून रक्तात पोचायचं, तेवढ्याने जंतू मरत नव्हते. फक्त औषधाला सरावत होते.

मी त्याला काही दिवस दवाखान्यात माझ्यासमोर, नुसत्या पाण्याबरोबर गोळ्या घ्यायला लावल्या. लघवी पुन्हा केशरी झाली. त्याने मला बाटली दाखवली तेव्हा तो लहान मुलासारखा हसला होता. मी त्याला सांगितलं की आता माती बंद. तो हो म्हणाला. तीही हो म्हणाली. नव्याने तपासणीसाठी थुंकी मोठ्या शहरात पाठवली.

आणि मग मी चिखल्याच्या बायकोकडे गेले.

शेताच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरामागे पत्र्याची शेड. शेडचं दार अर्धवट उघडं होतं; आत पोत्यांची थप्पी लागलेली. तिने मला बसायला बाकडं दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी तिला मावशी म्हणायचे. मी सरळच विचारलं की पुडीतली माती शेतातली नाही ना.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. शेतातली कधीच संपली, म्हणाली. लोकांनी मुठीमुठीने नेली, वीतभर खड्डा पडलाय. आता दीर शेडमधली पोती फोडून पुड्या बांधतो.

"आणि ती पोती कसली?"

"खाणीतली चिकणमाती. बेंटोनाइट म्हणतात तिकडे. बोअर खणणारे वापरतात, खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून. ह्यांनी बोअरच्या गाडीवर काम केलं होतं ना लग्नाआधी. तेव्हा ह्यांनी पाहिलं, की जिथे ही माती सांडते तिथे पाणी मुरत नाही, धरून राहतं. तेव्हापासून डोक्यात घेतलं, की आपल्या वाळूत हीच कालवायची." ती हाताच्या रेषा बघत बोलत होती. "पहिल्या वर्षी जास्त झाली. जमीन विटेसारखी कडक झाली, काही उगवलं नाही. मग कमी केली, शेणखत मिसळलं, नांगराच्या खोलीपर्यंत ढवळली. एकाच तुकड्यात. बघू म्हणाले, जमलं तर सगळं शेत करू. जमलं तेव्हा हे नव्हते."

खुंट्या ठोकून दोरी ताणल्यासारखा तो हिरवा तुकडा असा होता तर. मी तिला म्हटलं की हे लोकांना सांगायला हवं.

तिने मान वर केली. "का सांगू? त्यांचं पोतं माझ्या पाठीवर असायचं आणि हेच लोक हसायचे. हे पडले त्या दिवशी मी रस्त्यावर उभी राहून गाडी थांबवत होते. लोकांना वाटलं, चिखल्याचं नेहमीचंच काहीतरी. एक जण थांबला नाही. आज तेच इथे गुडघे टेकतात. टेकू देत."

 मी तिला टँकरवाल्याबद्दल सांगितलं, दोन ग्लासांबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली. मी निघताना ती एवढंच म्हणाली, की मी कुणाला खा म्हटलं नाही, मी फक्त हातावर ठेवते.

शहरातून तपासणीचा निकाल आला. टँकरवाल्याच्या जंतूंवर लाल कॅप्सूल आता चालत नव्हती. दुसरी औषधं मागवावी लागणार होती, महागडी, कडक, बरेच महिने चालणारी, आणि ती यायला वेळ लागणार होता. त्याच आठवड्यात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. ही बातमी शेतावर पोचली आणि कर्ण्यावरून तिचा अर्थ सांगण्यात आला: ज्याने मातीचा अपमान केला, त्याच्या छातीतून माती आपलं देणं वसूल करते.

टँकरवाल्याच्या बायकोने ते ऐकलं. ती घरी गेली आणि तिने नवऱ्याला पुन्हा माती सुरू केली, मला न सांगता. नवी औषधं आली ती तिने त्याला प्रामाणिकपणे दिली, एकही न चुकवता, मातीच्या पाण्याबरोबर.

तो गेला तेव्हा दुपार होती. रक्ताची मोठी उलटी झाली. मला बोलावणं आलं तोवर सगळं संपलं होतं. टँकर दारात उभा होता, पाण्याने भरलेला, आणि गल्लीतल्या बायका भांडी हातात घेऊन उभ्या होत्या. नळ उघडायला कुणी पुढे होत नव्हतं. खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर वाटी होती, तिच्या तळाशी पिवळट राखाडी चिखल. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी वाटीकडे पाहिलं हे तिने पाहिलं.  

त्यानंतरच्या सकाळी मी ग्लास, पाण्याचा कॅन आणि कॅप्सूल घेऊन शेतावर गेले. गर्दी नेहमीएवढीच होती. मी स्पीकरवाल्याला म्हटलं की मला लोकांसमोर काहीतरी दाखवायचंय. मला वाटलं होतं तो अडवेल. त्याने अडवलं नाही. उलट त्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला. तो किती पोचलेला होता हे मला तेव्हा कळलं.

मी लाल पाणी केलं, वाळूचा ग्लास दाखवला, मातीचा ग्लास दाखवला. टँकरवाल्याचं काय झालं ते सांगितलं. पुढच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात स्पीकरवाल्याने माइक परत घेतला.

"ऐकलंत? डॉक्टर मॅडम स्वतः सांगतायत. एवढं मोठं सरकारी औषध, पण माझ्या भावाच्या मातीपुढे पाणी झालं. लाल विष होतं, मातीने ओढून घेतलं. आता मला सांगा, ताकद कोणात जास्त?"

लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. ज्या प्रयोगाने चमत्कार मोडायचा, तोच चमत्कार म्हणून खपला. मी ग्लास हातात धरून उभी होते आणि माझ्या आयुष्यात एवढं मूर्खासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

रांग पुन्हा सरकू लागली. रांगेत टँकरवाल्याची बायको होती. तिच्या कडेवर मुलगी होती. कडेवर घेण्याचं वय उलटून गेलेली, पाय खाली लोंबत होते, डोकं आईच्या खांद्यावर टाकलेलं. मुलगी खोकत होती. आई माईसमोर आली आणि तिने हात पुढे केला.

चिखल्याच्या बायकोने टोपलीतून पुडी उचलली. मग मुलीकडे पाहिलं. पुडी तिच्या हातातच राहिली.

"हिला कधीपासून खोकला?" तिने विचारलं. तिचा आवाज लोकांनी तिथे पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण मागचे पुढे सरकले.

आई म्हणाली की पंधरवडा झाला. म्हणाली, ह्यांना उशिरा दिली, मध्ये बंद केली, म्हणून ते गेले. हिला मी मुळीच चुकवणार नाही.

चिखल्याची बायको उठली. पुडी टोपलीत टाकून तिने टोपली पालथी केली. मग ती चालत शेडकडे गेली आणि गर्दी तिच्या मागे गेली. दिराने कर्ण्यावरून तिला परत बोलावलं, मग लोकांना बोलावलं, मग माईंना उन्हाचा त्रास होतोय असं सांगायला सुरुवात केली. तो बोलत राहिला. ऐकायला समोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

शेडचं दार तिने सताड उघडलं. पोती दिसली, खाणीच्या शिक्क्यासकट. एक पोतं तिने ओढून बाहेर काढलं, फाडलं आणि त्यातली माती ओंजळीत घेऊन पुढच्या माणसाच्या हातावर ठेवली. "ही ओळखता? हीच पुडीत असते. खाणीतून येते, बोअरवाल्यांना लागते. इच्यात कुणाचा देह नाही."

मग तिने तळाला भोकं असलेले दोन डबे घेतले. दोन्हींत बाजूच्या उजाड शेतातली वाळू भरली. एका डब्यातल्या वाळूत थोडी चिकणमाती कालवली, हाताने, सवयीने, भाकरीचं पीठ मळावं तशी. दोन्हींवर सारखंच पाणी ओतलं. साध्या डब्याच्या तळातून धार लागली आणि बघता बघता पाणी निघून गेलं. दुसऱ्यातून थेंब थेंब पडले आणि थांबले. तिने दोन्ही डबे रांगेसमोर पालथे केले. एका ढिगाची वाळू ओघळून पसरली. दुसरा ढीग डब्याच्या आकारात ओलसर उभा राहिला.

"ह्या वाळूपुढे कुणी वाकलं नाही," ती म्हणाली. "इथे कुणी मेलं नाही. तरी तिने पाणी धरलं. हे एवढंच आहे. ह्यांनी एवढंच केलं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं पाठ मोडली आणि तुम्ही त्यांना वेडं म्हणालात. मग तुम्ही त्यांना देव म्हणालात. ते काय करतात हे मात्र तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही."

 ती टँकरवाल्याच्या बायकोकडे वळली. तिच्या पायांशी वाकायला गेली, पण त्या बाईने पाय मागे घेतले.  चिखल्याची बायको सरळ झाली आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मी दिली. मला माहीत होतं, डॉक्टरबाई सांगून गेल्या होत्या. पोरीला देणार नाही."

 मुलीला सावरून घेत टँकरवाल्याची बायको माझ्याकडे चालत आली.

असं झाल्यावर गावाचे डोळे लख्ख उघडले आणि सगळं गोड झालं असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. स्पीकरवाल्यावर मी तक्रार केली, चौकशी अजून चालू आहे; तोवर त्याचे कर्णे निवडणुकीच्या सभांना भाड्याने जातात. पाणी ओतणारे थांबले आणि अर्धी माती लोकांनी आधीच नेलेली, त्यामुळे हिरवा तुकडा महिन्याभरात वाळला. त्यावर काही जण अजून सांगतात की माईने तोंड उघडलं म्हणून कृपा गेली. मुलीला बापाचाच आजार निघाला, लाल कॅप्सूल न चालणारा. तिचा उपचार दीर्घ आहे, औषधाने तिला मळमळतं, एका कानाला कमी ऐकू येऊ लागलंय. पण वजन वाढतंय. रोज सकाळी आई तिला दवाखान्यात आणते आणि साध्या पाण्याबरोबर औषध देते.

काही शेतकरी चिखल्याच्या बायकोबरोबर खाणीवर जाऊन आले. तिने आधी त्यांना आपापली जमीन तपासून घ्यायला लावली, कारण ही माती वाळूला उपयोगी पडते, आधीच चिकण असलेल्या जमिनीत घातली तर ती मारून टाकते. पाऊस न पडण्यावर तिच्याकडेही इलाज नाही, हे ती प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगते. पडलेलं पाणी थोडे दिवस जास्त टिकतं, एवढंच. चमत्काराच्या मानाने हे फारच थोडं वाटतं, म्हणून निम्मे लोक तिथूनच परत फिरतात.

परवा दवाखान्यात रांग होती. एका बाईने माझ्या दाराशी येऊन हळूच विचारलं, की गोळ्यांबरोबर नाही, पण संध्याकाळी वेगळी अशी चिमूटभर माती घेतली तर चालेल ना. मी उत्तर देणार तेवढ्यात बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलेली टँकरवाल्याची बायको बोलली. ती इथे सहसा बोलत नाही.

"मॅडम नाही म्हणतील आणि तू मान डोलवशील," ती म्हणाली. "मीही डोलवली होती. मॅडमनी सांगितलं ते मी नुसतं मानलं, समजून घेतलं नाही. म्हणून दुसऱ्याने उलट सांगितलं तेव्हा तेही मानलं. तू तसं करू नकोस. आत जा आणि म्हण, मला करून दाखवा. कळलं नाही तर पुन्हा विचार. लाजू नकोस. कळेपर्यंत विचार."

 ती बाई आत आली, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दाखवा."

मी कपाटातून दोन ग्लास काढले.